कृपया एकाच चौकटीत खूण करा

लीड्स. नोव्हेंबर. पहाटेचे तीन वाजून दहा.
वसतिगृहाची रात्रपाळी माझी,
आणि दुसऱ्या मजल्यावर दोनशे चौदाचं दार
दोन वेगवेगळ्या हातांनी लिहिलेलं.

वरचं अक्षर टपोरं, काळ्या मार्करचं:
तिच्या कातडीचा रंग, पुढे 'परत जा'.
खालचं बारीक, किल्लीनं कोरलेलं:
सहा टोकांची चांदणी आणि एक शब्द,
जो मी अहवालात लिहिला,
इथे लिहीत नाही.

मेझुझा जागेवर नव्हती.
करंगळीएवढी पितळी डबी,
चौकटीच्या उजव्या अंगाला तिरकी लावलेली,
खिळे ठोकायला बंदी म्हणून दुपदरी टेपनं.
टेपचा पांढरा चट्टा तेवढा उरला होता.

शुलमिथ रोहेकर. वय एकोणीस. जन्म प्रेस्टविचचा.
पायात मोजे, हातात थंड झालेला चहा.
दाराकडे बघत म्हणाली,
"दुसरा आला तेव्हा
त्यानं पहिल्याचं वाचलं असेल ना?
की जागा शोधण्यातच गेला वेळ?"

मी टॅब्लेट उघडला.
घटनेचा प्रकार: वंशद्वेष. ज्यूद्वेष. इतर.
खाली तिरप्या अक्षरांत: कृपया एकाच चौकटीत खूण करा.
एकीत केली की दुसरीतली पुसली जायची.
सात वेळा करून पाहिलं.
"पट्टी आण," ती म्हणाली,
"ज्याची अक्षरं मोठी, त्याचा नंबर लाव."
हसू आलं दोघींना, नको त्या वेळी येतं तसं.

आता माझं सांगते.
सप्टेंबरात यादीत तिचं नाव वाचून
मी जिना चढत गेले होते, धापा टाकत.
रोहेकर! म्हणजे आपलीच की!
आणि दुसऱ्याच श्वासाला विचारलं,
"रोहेकर म्हणजे कोण?"
या 'कोण'चं वजन
मराठी माणसाला वेगळं सांगावं लागत नाही.
तिला मात्र तो साधा प्रश्न वाटला.
तिनं साधं उत्तर दिलं:
आजोबा रेवदंड्याचे. बेने इस्राएल.
शनिवारी घाणा बंद ठेवायचे,
म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणायचं.
आणि मी, एम.एस्सी., पीएच.डी. चालू,
म्हणाले, "अय्या, वाटत नाहीस!"

ऑक्टोबरात जागृतीचं सत्र होतं.
पन्नास खुर्च्या, अकरा माणसं, उरलेले समोसे.
'मूळची कुठली', असं कुणी कुणाला विचारलंय का?
मी हात वर केला नाही.
प्रमाणपत्र ऑफिसात लावलंय, फ्रेम करून.

मार्कर निघाला. ॲसिटोन, जुना मोजा, वीस मिनिटं.
कोरलेलं निघत नाही.
रंगारी सोमवारी येईल, म्हणाले.
दोनशे सोळाचा कायरन
कानावरचे हेडफोन दाखवत म्हणाला, काही ऐकलं नाही.
दोनशे अकराची इफेओमा
काही न विचारता खाली बसली आणि
स्वयंपाकघरातला कचऱ्याचा डबा उलटा करू लागली.
पिझ्झाच्या खोक्याखाली, चीजमध्ये बरबटलेली,
सापडली डबी.
आतला कागद कोरडा होता.

उजाडेपर्यंत तिथेच होतो, गालिच्यावर.
शुलमिथ डबी बाहीला पुसत होती, पुसून झाल्यावरही.
तिला मराठीतली मोजून चार-पाच वाक्यं येतात,
त्यातलं एक माझ्याकडून शिकलेलं.
ते तिनं काढलं, माझ्याच हेलात:
"आणि तू? तू कोण?"

दरवेळी या प्रश्नाला मी आडनाव सांगते,
मग समोरच्याचा चेहरा वाचते,
मग ठरवते, पुढे किती बोलायचं.
त्या दिवशी म्हटलं, "मंदाकिनी."
ती थांबली नाही पुढच्या शब्दासाठी.
म्हणाली, "मंदाकिनी, टेप आहे?"

टॅब्लेट अजून मांडीवर होता,
तिन्ही चौकटी रिकाम्या.